तांदूळ धुण्याआधीची एक मूठ

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या या ओळीत महिन्याचा किराणा मागितलेला नाही, आजचं मागितलंय. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या 16व्या अध्यायातला मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, तोही असाच: माणशी एक ओमर, म्हणजे साधारण 2 लिटर. सकाळपर्यंत साठवला की किडे आणि वास. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, तो शब्बाथाला, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवशी टिकायचा.

हे रोजच्या स्वयंपाकात कसं उतरतं ते मिझोरममध्ये दिसतं. तिथल्या ख्रिस्ती घरांत 'बुहफाइ थाम' आहे: भात लावताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी वेगळा. 1910 पासून चालू आहे.

आपल्याकडे करायचं तर मूठ धुण्याआधीच काढा, घरच्यांसाठी मापून झाल्यावर उरलेली नव्हे. देवाच्या वाट्याला उरलंसुरलं, ही सवय इथंच लागते. डबा कोरडा, घट्ट झाकणाचा, तांदळाच्या डब्याशेजारीच. फडताळावर मागे गेला की आठवडाभर विसरलाच म्हणून समजा. ओल्या हाताने मूठ काढली की तांदळाला जाळी धरते, पावसाळ्यात तर हमखास. तमालपत्राची दोन पानं ठेवतात, पण खरा उपाय दर रविवारी डबा रिकामा करणं. प्रेषित पौलानेही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे रविवारी, दान बाजूला काढायला सांगितलंय. आणि जुना, किडका तांदूळ त्यात ढकलू नका. तो कोणाच्या तरी ताटात जाणार आहे. गहू-ज्वारीच्या घरात पिठाची मूठ नको, लवकर खवट होते. धान्यच काढा.