मिशन बंगल्याचा इतिहास आणि ‘अभिलेख आढळून येत नाही’

आमच्या ख्रिस्ती मंडळीचं पार्सोनेज, म्हणजे पाळकसाहेबांचं (पाद्रींचं) घर. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या गावात त्याला अजून मिशन बंगलाच म्हणतात. कौलं उतरवायचं ठरलं तेव्हा मंडळीचे पंच म्हणाले, आधी याचा इतिहास लिहून काढ. महिन्याभराचं काम वाटलं होतं. वर्ष गेलं, त्यातले नऊ महिने एका खिडकीपुढे.

मिशनचे कागद जड गेले नाहीत. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये नगरला आलं. बोस्टनहून निघणाऱ्या ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत, आमच्या भागातली पत्रं दोन रात्रींत सापडली.

अडलं ते मिळकत पत्रिकेच्या, म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे त्या सरकारी उताऱ्याच्या, नकलेपाशी. भूमी अभिलेख कार्यालयातल्या अर्जात ‘चर्च’ लिहिलं. खिडकीतले भाऊसाहेब म्हणाले, या नावानं काही नाही. मग ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ लिहिलं. तेही नाही. असणार कसं? सीएनआय झालं १९७० मध्ये, घर त्याच्या कितीतरी आधीचं. हे मलाच उशिरा सुचलं, कबूल. पण रोज तीच दप्तरं हाताळणाऱ्यानं एका शब्दानं सांगू नये? पुढे भाऊसाहेब रजेवर, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे, दुसरे मोजणीला. शेवटी १० रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. बरोबर तिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर: ‘अभिलेख आढळून येत नाही.’

ओळखीच्या एका निवृत्त तलाठ्यांनी वाट दाखवली. नक्कल मागू नकोस, पाहणी माग. त्याच कायद्यात दप्तर स्वतः बघता येतं. आणि नाव सोड, सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे जागेचा मोजणीतला क्रमांक, शोध. तो मिळाला शेजाऱ्यांच्या खरेदीखतात, चतुःसीमेत ‘पूर्वेस मिशन बंगला’ याच्यापुढे! पाहणीला बसलो आणि चौकशी नोंदवहीत (मोजणीच्या वेळी जागेचे धारक लिहून घेतलेली वही) पाव तासात नोंद बोटाखाली आली. धारक ‘अमेरिकन मिशन’, शेऱ्यात ‘पाद्रीसाहेबांचे राहते घर’. त्या पानावर इतकी धूळ होती की भाऊसाहेबांनाही शिंक आली. मला बरं वाटलं.

हो, एक राहिलंच. हेरल्डमध्ये ‘अहमदनगर’चं अलीकडचं स्पेलिंग टाकून शोधू नका. तेव्हा ते ‘अहमदनग्गर’सारखं लिहीत. आणि बाप्तिस्म्याच्या वहीचे फोटो सगळ्यात आधी काढा. आमच्या वहीची शेवटची आठ पानं मी खिडकीपुढे उभा होतो त्या पावसाळ्यात भिजली.