विकतचा केक

काल २५ एप्रिल. बेळगावात ऊन कसलं पडलंय ते तुम्हाला सांगायला नको, आणि मी भर दुपारी ओटीजी लावला. आई हॉलमधनं ओरडली, "ह्या उन्हात भट्टी पेटवून काय करूलीस गं?" म्हटलं, अँझॅक बिस्किटं. ती म्हणाली, कर बाई, पण लाईट गेली तर मला सांगू नको.

चार वर्षं आम्ही न्यूझीलंडच्या पार खाली, साउथलँडमधल्या गोर गावात काढली. ह्यांची डेअरी फार्मवर नोकरी. गावात एक भलामोठा ट्राउट माशाचा पुतळा, एक जुनी उंच ओट्सची मिल, बंद पडलेली, बाकी सगळीकडं मेंढ्या नाहीतर गाई. तिथली माणसं 'र' घोळवून बोलतात, जुन्या स्कॉटिश वस्तीचा गुण, आणि ऑकलंडवाले त्याची चेष्टा करतात. पुण्यात आपण तोंड उघडलं की होते ना, तश्शीच! त्यामुळं मला ते गाव पहिल्याच आठवड्यात आपलं वाटलं.

पण पहिल्याच महिन्यात माझी फजिती झाली. गावातल्या हॉलमध्ये चहाचा कार्यक्रम होता, प्रत्येकीनं 'प्लेट' आणायची. प्लेट म्हणजे खायला काहीतरी, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं, रिकामी थाळी घेऊन जाण्याइतकी मी काही येडी नव्हते. मी सुपरमार्केटातला सगळ्यात महाग चॉकलेट केक घेतला, डब्यासकट ठेवला. शेजारी काय, तर स्कोन, पिकलेट, लॅमिंग्टन, पावलोवा, आणि चीज रोल, म्हणजे ब्रेडच्या स्लाइसला चीज आणि कांद्याच्या सूपची पावडर कालवून लावायची, गुंडाळायचं, भाजायचं, वर लोणी. सगळं घरचं. कोणी मला एका शब्दानं बोललं नाही, उलट 'किती छान' म्हणाल्या, पण केकचे तीन तुकडे गेले आणि त्यातले दोन आमच्याच घरात. उरलेला केक मांडीवर घेऊन गाडीत बसले तेव्हा ह्यांनी शहाण्यासारखं रेडिओ लावला.

आता मला सांगा, माझं काय चुकलं? आपल्याकडं पाहुण्याकडं जाताना कुंदा न्यायचा तर ठरलेल्या दुकानातलाच नेतो ना? घरी आटवलेला नेला तर समोरची म्हणेल, पैसे वाचवले. खिशात हात घातला की मान दिला, असं आपलं. त्यांच्यात दुपारभर ओट्यापाशी उभं राहिलं की मान दिला. आणि भाजायचं म्हणाल तर आमच्या बेळगावात उलट्या मडक्यावर मांडे भाजतात, कागदासारखे, ते करून दाखवा म्हणावं! (मला येत नाहीत. आजीला यायचे.)

खरं तर घरात ओव्हन नव्हता तरी आई भाजायचीच की. मे महिन्यात मैदा, रवा, पिठीसाखर, घरचं तूप घेऊन आम्ही कॅम्पातल्या बेकरीवर. नानकटाई वळून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायची, ट्रेला नावाची चिठ्ठी, आणि आई भट्टीसमोरनं हलायची नाही, कारण एकदा आमचा ट्रे बदलून कोणाच्यातरी डालड्याच्या नानकटाया आमच्या डब्यात आल्या होत्या. तेव्हापासनं आत जाताना मोजायची, बाहेर येताना मोजायची.

ही गोष्ट मी शेजारच्या आजींना सांगितली. ऐंशीच्या पुढच्या, सगळे त्यांना नावानं हाक मारायचे, माझी जीभ वळायची नाही, मी आपलं नुसत्या 'यू'वर भागवायचे. त्या खूप हसल्या आणि दुसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरात बोलावलं. अँझॅक बिस्किटात अंडं नाही, म्हणून टिकतात आणि म्हणून माझ्या सासूबाईंनाही चालतात. ओट्स, मैदा, साखर, खोबऱ्याचा कीस. लोणी आणि गोल्डन सिरप वितळवायचं, उकळत्या पाण्यात सोडा विरघळवून त्यात ओतला की असं फसफसतं की घाबरायला होतं. अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज; पहिल्या महायुद्धात १९१५च्या २५ एप्रिलला त्यांची पोरं तुर्कस्तानात गॅलिपोलीला उतरली, त्या दिवसाची ही बिस्किटं. पहाटे थंडीत सगळं गाव स्मारकापाशी उभं असायचं. मीही आजींना सांगून टाकलं की आमच्या गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आहे आणि आमचे मराठेही त्याच महायुद्धात, १९१६ साली मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात अडकले होते. आजींनी चमचा खाली ठेवून ऐकलं.

ऑस्ट्रेलियात तर म्हणे अँझॅक नावानं विकायची तर मूळ कृती बदलायची नाही, आणि 'कुकी' म्हणायचं नाही. मग माझ्यावर केसच व्हायला पाहिजे, कारण इथं गोल्डन सिरप कुठनं आणू? निपाणीकडच्या मामांच्या गुऱ्हाळाची काकवी होती, तीच ओतली. फसफसली तशीच. पण पसरली जरा जास्त, रंगही काळपट आला.

आईनं एक तोडून खाल्लं. "ही तर गुळपापडी की गं." मग ट्रे पुढं ओढून बोटानं मोजायला लागली.