बाबांची बावीसची रायफल माझ्या नावावर होताना

आमच्या घरची रायफल पॉइंट बावीस बोअरची, म्हणजे ०.२२ इंच नळीची, ब्रनो मॉडेल २, चेकोस्लोव्हाकियाची बनावट. पाच काडतुसांचं मॅगझिन, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. बाबा गेल्यावर गावात भेटेल तो एकच विचारायचा, "आता डुकरं मारशीन काय भाऊ?" चण्यात रानडुकरं धुडगूस घालतात हे खरंच, पण त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. शिवाय या गोळीचं वजन जेमतेम अडीच ग्रॅम. तिने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन अंगावर येतं. ही रायफल निशाणेबाजीची. बाबा तिच्यावर नेम धरायला शिकले, मलाही त्यांनीच शिकवलं. एवढ्यासाठीच ती ठेवायची होती.

परवानाधारक वारला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मी ठाण्यात दिलं. पावतीवर नंबर, बनावट, बोअर तर लिहून घ्याच, पण नळी आणि दस्ता कोणत्या अवस्थेत दिला तेही लिहून घ्या. लिहिणारा जरा कुरकुरतो, पण लिहितो.

मग अर्ज. मृत्यूचा दाखला, आई आणि ताईची स्टॅम्प पेपरवर संमती, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दाखला. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारसाहक्काचं शस्त्रही त्यातच मोजतात. माझ्याकडे दुसरं नव्हतं, म्हणून तिथे अडलं नाही. घरी म्हातारे परवानाधारक असतील तर एक सांगतो. परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयात असतानाच वारसाच्या नावावर करून देऊ शकतो. २०१६ च्या नियमांत ही सोय आहे आणि फार कमी जणांना माहीत आहे.

चौकशीला पोलीस आले, शेजाऱ्यांना विचारून गेले. पोलीस पाटील मला म्हणाले, "कायले हा ताप घेतं बाप्पा? देऊन टाक सरकारले." काकांचंही तेच मत.

खरा वेळ गेला तो वेगळ्याच ठिकाणी. आमचं गाव वर्ध्याकडच्या बोर अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अशा टापूत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि वारसाचा परवाना नवाच धरला गेला. फाइल नागपूरला गेली. त्यात २०२४, म्हणजे एप्रिलमध्ये लोकसभा आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा. सगळा कर्मचारीवर्ग निवडणुकीला जुंपलेला. ताडोबा, मेळघाट, टिपेश्वरच्या आसपास राहणाऱ्यांनी हे कलम अर्ज करण्याआधीच वाचून ठेवावं.

रायफल हातात आली तेव्हा मालखान्यात पावसाळा काढून आली होती. बोल्टवर, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्यावर, तांबूस पापुद्रा, नळीत डाग. मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे का ते डोळ्यांनी पाहिलं, खटका दाबून धरून बोल्ट मागे ओढून बाहेर घेतला. नळी साफ करायचा गज नेहमी मागून घालायचा. पुढून घातला तर नळीच्या तोंडाची कड घासते आणि नेमबाजीच्या रायफलीचा जीव त्याच कडेत असतो. तेलात भिजवलेलं फडकं फिरवून रात्रभर ठेवलं, सकाळी पितळी ब्रश, मग कोरडी फडकी. पहिली फडकी चहासारखी तपकिरी निघाली. गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे शाबूत होते, एवढं बघून मी ब्रश खाली ठेवला. बावीसच्या नळ्या गोळ्यांपेक्षा घासून घासूनच जास्त खराब होतात, असं माझं मत.

दस्त्याला जवसाचं तेल. आपल्याकडे जवस घरचीच, पण घाण्याचं कच्चं तेल लवकर वाळत नाही, चिकट राहतं. दुकानातलं उकळलेलं आणावं आणि बोटाने अगदी पातळ चोळावं. धातूला मात्र हे तेल लावू नका, खोबरेलही नको, थंडीत गोठतं. तिथे बंदुकीचंच तेल.

बघायला येणाऱ्या प्रत्येकाला खटका दाबून पाहायचा असतो. देऊ नका. बावीसचं काडतूस रिमफायर, म्हणजे त्यात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून काडतुसावर आदळणारी पिनही कडेवरच पडते. नळी रिकामी असली तर पिन नळीच्या पोलादावर आदळू शकते आणि तिथे खळगा पडतो. पाहुण्यांना राग आला तर येऊ द्या.

आता परवान्यावर युनिक नंबर आहे, मुदत पाच वर्षांची. चामडी कव्हर मी काढून टाकलं, कारण ते दमट हवा धरून ठेवतं. रायफल कुलपाच्या लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात. पुढच्या आचारसंहितेत जमा करायला सांगितलं तर नेण्याआधी नळीत आणि बोल्टवर तेलाचा जाड थर देणार, आणि परत मिळाल्यावर काडतूस घालण्याआधी तो पुसून काढणार, कारण तेलाने भरलेल्या नळीतून गोळी मारणं धोक्याचं.