उलटी बाजू दाखवणारे दुकान : आमची वाटचाल

येवल्यात पैठणी विकणाऱ्याला गिऱ्हाईक कसे मिळते, हे या धंद्यातल्या माणसाला निराळे सांगायला नको. सासऱ्यांच्या काळात साडी मागावरून उतरली की पेढीवर जात असे, आणि ती कोणाच्या लग्नात कोणाच्या अंगावर गेली, याचा पत्ता विणणाऱ्याला कधीच लागत नसे. मी या घरात आले तेव्हा चार माग होते. बेंगळुरूचे रेशीम आणि सुरतेची जर उधारीवर येत होती आणि साडीचा भाव दुसरेच कोणी ठरवत होते.

एप्रिल २०१६ मध्ये फेसबुकने थेट प्रक्षेपणाची सोय सर्वांना खुली केली. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या पुतण्याने मोबाईल मागाच्या खांबाला सुतळीने बांधला आणि आमचे सर्वांत जुने कारागीर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते पदर विणत असताना तासभर तसाच चालू ठेवला. काकांनी एकदाही मान वर केली नाही. रंगीत रेशमाच्या बारीक कांड्या ताण्यातून काढायच्या, धागे बोटाने मोजायचे, शेजारच्या रंगात गुंतवायचे, पावडी दाबायची आणि फणी ठोकायची, एवढेच त्या चित्रफितीत होते. मात्र त्या तासाभरात सोलापूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने प्रश्न विचारला, “पदराची उलटी बाजू दाखवाल का?”

हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्या. हातमागाच्या पदरात प्रत्येक रंगाची कांडी वेगळी चालते आणि धागे एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून मोर सुलट्या बाजूला जसा दिसतो तसाच उलट्या बाजूलाही दिसतो. यंत्रावरच्या नक्षीत मागच्या बाजूला धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. पुतण्याने मोबाईल मागाखाली नेऊन बाजू दाखवली आणि बाईंनी त्याच आठवड्यात मुलीसाठी साडी ठरवली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक साडीची उलटी बाजू आधी दाखवतो.

पुढची दोन वर्षे बरी गेली. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने व्यवसायांच्या मजकुरापेक्षा घरच्या आणि ओळखीच्या माणसांचा मजकूर लोकांना आधी दाखवण्याचे जाहीर केले, तेव्हा आम्हीही इतर माध्यमांवर चित्रफिती टाकू लागलो आणि तिथेच आमचा घात झाला.

एका व्यापाऱ्याने काकांच्या हातांची चित्रफीत उचलली, कोपऱ्यातले आमचे नाव कापले आणि तिच्याखाली यंत्रावरच्या साड्या ‘अस्सल हातमाग’ म्हणून आमच्या निम्म्याहून कमी भावात विकायला सुरुवात केली. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, हातमागाच्या कापडाला हँडलूम मार्क हे सरकारी ओळखचिन्ह आहे. पण मोबाईलच्या पडद्यावर घाईने बोट फिरवणाऱ्या माणसाला दिसतो तो फक्त मागावर चालणारा हात, आणि हात तर खरा होता! आमची गिऱ्हाइके भाव विचारून परत जाऊ लागली. काहींनी आम्हालाच लुटारू म्हटले. त्या हंगामात दोन माग बंद राहिले, रेशमाची उधारी थकली आणि माझ्या पाटल्या गहाण पडल्या. संबंधित माध्यमाकडे तक्रार केली, ती आमची मूळ चित्रफीत जोडूनही कित्येक आठवडे पडून राहिली. समोरच्या माणसाने आजवर चूक कबूल केलेली नाही, आणि हे मी विसरलेले नाही.

खोटेपणा उघड केला तो बाईंनी. काकांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचे नख मधोमध दुभंगलेले आहे आणि शेजारच्या बोटात तांब्याचे वेढे आहे. बाईंनी ते ओळखले, आमची जुनी चित्रफीत शोधली आणि त्या जाहिरातीखाली सर्वांसमोर लिहिले, “हे हात मी ओळखते. यांनी विणलेली साडी माझ्या घरात आहे. आपण विकता त्या साडीची उलटी बाजू दाखवा.” त्यांच्याखाली आणखी बायकांनी तीच मागणी केली. उत्तर आले नाही, आणि चार दिवसांनी ती जाहिरात दिसेनाशी झाली. आम्ही हजारो रुपये घालून जाहिरात केली असती, तरी एवढे काम झाले नसते.

दुसरा धडा ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री मिळाला. घटस्थापना तीन दिवसांवर होती आणि नऊ वाजता आमचे हंगामातले सर्वांत मोठे प्रक्षेपण सुरू झाले. दहाएक मिनिटांत फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर एकदमच बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. दोष आमचा होता, कारण पाच वर्षांच्या गिऱ्हाइकांपैकी एकाचाही क्रमांक आमच्याकडे कागदावर नव्हता. दुसऱ्या दिवशी लाल पुठ्ठ्याची वही आणली. नाव, गाव, क्रमांक, साडीचा रंग आणि कोणाच्या कार्यासाठी घेतली, हे आता तिच्यात लिहिले जाते.

नव्याने या वाटेला येणाऱ्यांना सांगते, ‘किंमत इनबॉक्समध्ये’ असे लिहू नका. भाव सर्वांसमोर लिहायचा नसेल, तर तो का लिहवत नाही हे आधी स्वतःला विचारा. तक्रार आली तर ती पुसू नका, तिच्याखालीच उत्तर द्या. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीला साडी भेट देऊन कौतुक करवून घेतले, तर तो मोबदला असल्याचे तिथेच स्पष्ट लिहावे लागते, असे केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि ते लिहिण्यात कमीपणा मानू नका. आणि चित्रफितीत नाव कोपऱ्यात टाकू नका. कोपरा कापता येतो. आम्ही आता नाव आणि तारखेची चिठ्ठी मागावरच, काकांच्या हाताशेजारी लावतो.

आज सात माग चालू आहेत. बाईंच्या नातीच्या लग्नाची पैठणी सध्या दुसऱ्या मागावर असून काका स्वतः तिचा पदर विणत आहेत. विणून झालेल्या भागाचे छायाचित्र दर शनिवारी सोलापूरला जाते. या शनिवारी तिसऱ्या मोराचा पिसारा पुरा झाला होता आणि पुतण्याने घाईत सुलट्या बाजूचे छायाचित्र पाठवले. पाच मिनिटांत बाईंचा फोन आला.