चाळीसपैकी सत्तावीस मिनिटं

चाकणच्या आमच्या कारखान्यात रोज सकाळी ९ वाजता प्रॉडक्शन मीटिंग असते. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी तिथे कोपऱ्यात एक बाई वही घेऊन बसल्या होत्या. नंतर केबिनमध्ये त्यांनी ती वही माझ्यापुढे सरकवली. ४० मिनिटांच्या मीटिंगमध्ये २७ मिनिटं मी बोललो होतो. पाच प्रश्न विचारले होते आणि त्यातल्या चारांची उत्तरं मीच दिली होती. "यात तुम्हाला काय दिसतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्या माझ्या कोच, म्हणजे कामातल्या सवयी बदलायला मदत करणाऱ्या. कंपनीने नेमलेल्या. डाय कास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात (डायमध्ये) भरून भाग बनवण्याच्या कामात, २२ वर्षं काढलेल्या माणसाला कोच लावतात, म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय, असंच मला वाटलं होतं. पुढे वाचनात आलं, की एरिक श्मिट २००१ साली गुगलचे प्रमुख झाले आणि गुगलचे एक गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी त्यांना कोच घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनाही ते खटकलं होतं. श्मिट यांचे कोच बिल कॅम्बेल हे एके काळी कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. ते वाचून मला खरंच धीर आला.

सुरुवातीला माझे वरिष्ठ, बाई आणि मी असे तिघं बसलो. सहा महिने, दर पंधरवड्याला दीड तास, आणि बदलायची सवय एकच. आमच्यात जे बोलणं होईल ते वरिष्ठांपर्यंत जाणार नाही, हे त्यांच्यासमोरच ठरलं. ही अट नसेल तर कोचिंगच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर माणूस तिथेही अप्रेझलला बोलतो तेच बोलतो.

मग बाई माझ्या हाताखालच्या नऊ जणांशी एकेकट्याने बोलल्या. कोण काय म्हणालं हे त्यांनी सांगितलं नाही, पण एक वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं: "साहेबांना उत्तर आधीच माहीत असतं, मग आपण कशाला तोंड उघडायचं?" त्या रात्री मला झोप लागली नाही. "मग मी करू काय?" असं मी पुन्हा पुन्हा विचारायचो, आणि त्या म्हणायच्या, "आतापर्यंत काय काय करून पाहिलंत?" मी चिडायचो. मला उत्तर हवं असायचं. इंजिनिअर म्हणून वीस वर्षं मला शाबासकी मिळाली ती झटपट उत्तरांसाठीच. खुर्ची बदलल्यावर काम बदललं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून वाटतं, कोच द्यायचा तर नुकतं प्रमोशन मिळालेल्याला द्यावा. कंपन्या बरेचदा माणूस पार अडकल्यावर देतात.

मार्शल गोल्डस्मिथ या अमेरिकी कोचची एक पद्धत बाईंनी मला लावून दिली. महिन्यातून एकदा त्याच नऊ जणांकडे जायचं आणि विचारायचं, "मी नीट ऐकावं म्हणून पुढच्या महिन्यात काय करू? दोन गोष्टी सांगा." मागचं उकरायचं नाही, खुलासा द्यायचा नाही, लिहून घ्यायचं आणि आभार मानायचे. टूलरूमचे फोरमन पहिल्या वेळी म्हणाले, "तसं काही नाही, साहेब." तिसऱ्या महिन्यात म्हणाले, "प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा."

त्याच आठवड्यात एका हाउसिंगचे नग लीक टेस्टला धडाधड रिजेक्ट होत होते. कास्टिंगमध्ये पोरॉसिटी, म्हणजे आत बारीक पोकळ्या. मला शॉट प्रेशरवर, म्हणजे धातू डायमध्ये ढकलणाऱ्या दाबावर, संशय होता. तरी कारण काय असेल, असं सगळ्यांना विचारून मी मनात मोजायला लागलो. सातपर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात रात्रपाळीचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कामगार, म्हणाला, "साहेब, एअर ब्लोचा एक नोझल चोंदलाय. स्प्रेचं पाणी डायमध्येच राहतंय." प्रत्येक शॉटआधी डायवर स्प्रे मारतात आणि उरलेलं पाणी हवेच्या झोताने उडवतात. पाणी राहिलं की त्याची वाफ धातूत अडकते आणि आत पोकळ्या राहतात. नोझल साफ केल्यावर त्याच दिवशी फरक पडला. त्याला हे तीन आठवड्यांपासून माहीत होतं. "आधी का बोलला नाहीस?" हे अगदी ओठांवर आलं होतं. मी फक्त आभार मानले.

शेवटच्या बैठकीत कळलं, नऊपैकी सातांना बदल जाणवला होता, दोघांना नाही. ते दोघं कोण, हे मी शोधलेलं नाही. कोचिंग संपलं, तरी दर महिन्याला त्या नऊ जणांकडे मी अजून जातो. परवा फोरमननी दोनाऐवजी तीन गोष्टी सांगितल्या.