तिसरी खुर्ची

२०१८ मध्ये पोर्तुगालच्या दूतावासातली माणसं तळोजा तुरुंगात १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमला भेटून गेली. जेवण बरं नाही, चिकन मिळत नाही, अशा त्याच्या तक्रारी पेपरात आल्या आणि पेडण्याच्या बाजारात चहाच्या टेबलावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "आमचो भुरगो भितर गेलो जाल्यार पंच लेगीत पळोवपाक येना, आनी हाका लिस्बनसून मनीस!" (आमचा पोरगा आत गेला तर पंचायतीतला पंचसुद्धा बघायला येत नाही, आणि याला लिस्बनहून माणूस!) असं एकजण म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

हसण्यासारखं होतंच. पण माझी अख्खी नोकरी गोव्याच्या तुरुंग खात्यात गेली. परदेशी कैद्याला त्याच्या वकिलातीतला अधिकारी भेटायला येतो तेव्हा खोलीत एक तिसरी खुर्ची असते. तुरुंगाच्या अधिकाऱ्याची. तिच्यावर मी पुष्कळदा बसलोय. त्यामुळे या भेटी कशाच्या जोरावर होतात आणि त्यातून काय निघतं (किंवा निघत नाही), हे मी जवळून पाहिलंय.

सालेम मुळात पोर्तुगालचा नागरिक नव्हेच. आझमगढचा माणूस. सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पणाचा करारही नव्हता. त्यात पोर्तुगालमध्ये फाशी नाही आणि जन्मठेपही नाही. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान आणि गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली: याला फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त आत ठेवणार नाही. त्या कागदावर ११ नोव्हेंबर २००५ ला त्याला मुंबईत आणलं. पुढं २०११ मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने म्हटलं की भारताने फाशी होऊ शकेल अशी कलमं लावून शब्द मोडला. इकडे जन्मठेपा झाल्या, तरी जुलै २०२२ मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावलं की पंचवीस वर्षं भरली की दिलेला शब्द पाळावा लागेल.

मधल्या काळात काय झालं? २०१० मध्ये आर्थर रोडला त्याच्यावर हल्ला झाला. २०१३ मध्ये तळोजात त्याच्यावर गोळी झाडली गेली. तुरुंगाच्या आत, पिस्तुलातून. ज्याच्यासाठी पोर्तुगालने आपल्याकडून लेखी हमी घेतली, त्याच्यावर कोठडीत गोळी झाडली जाते म्हटल्यावर तो देश माणूस पाठवणारच. चिकन हे निमित्त. सालेमबद्दल मला काडीचीही दया नाही, १९९३ ची मुंबई आम्ही विसरलेलो नाही. पण शब्द सालेमने दिला नव्हता, आपण दिला होता.

आता कायद्याची गंमत बघा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम आमच्या गार्डांना पाठ नसतं, पण पाळतात सगळे. परदेशी माणूस आत आला की विचारायचं, तुझ्या वकिलातीला कळवू का? हो म्हणाला की कळवायचं. मग त्यांचा अधिकारी येऊन भेटू शकतो, बोलू शकतो, वकील लावून देऊ शकतो. हा हक्क त्या त्या देशाच्या स्वतःच्या नागरिकापुरता. स्वतःच्याच देशात परत आणलेल्या कैद्याला यातलं काही लागू नाही. त्याच्याकडं परदेशी साहेब येतो तो फक्त हमीच्या कागदावर, आणि त्या कागदात भेटीचा शब्द नसेल तर यजमान देशाच्या मर्जीवर.

गोव्यात याचा वेगळाच गुंता होतो. १९६१ पूर्वी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि ते घेतलं की भारताचं सुटतं. जन्म म्हापशाचा, बोलतो कोकणी, शुक्रवारच्या बाजारात चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) विकणारी मावशी त्याला नावाने ओळखते, पण खिशात पोर्तुगीज पासपोर्ट. असा माणूस आत आला की कायद्याने परदेशी. त्याची विचारपूस करायला वकिलातीतून माणूस येणार. त्याच प्रकरणात त्याचा सख्खा भाऊ पकडला गेला असेल आणि तो भारतीयच राहिला असेल, तर त्याला भेटायला आई येणार, मुलाखतीच्या दिवशी, फाटकाबाहेरच्या रांगेतून, पिशवी तपासून घेत.

तर ती खुर्ची. भेट ठरलेली असते. पत्र आधी येतं, त्यामुळे त्या दिवशी फरशी फिनेलने पुसलेली असते, कैद्याची दाढी झालेली असते. साहेब विचारतात, जेवण कसं आहे? कैदी एकदा माझ्याकडं बघतो आणि म्हणतो, ठीक आहे. मारहाण वगैरे? नाही. डॉक्टर येतो? येतो. साहेब वहीत लिहून घेतात. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपतं. यात खोटं कोणी बोलत नाही असंही नाही आणि बोलतोच असंही नाही. पण मी तिथं बसलेलो असताना त्याने खरं का सांगावं? साहेब संध्याकाळच्या विमानाने जाणार, मी इथंच असणार.

एका बाईंची मात्र मला आजही आठवण येते. युरोपातल्या एका देशाच्या अधिकारी, वयस्कर, पायात साध्या चपला. त्यांनी सुरुवातीला काहीच विचारलं नाही. त्यांच्याकडच्या कैदी पोराच्या पुढ्यात एक फॉर्म ठेवला आणि हातात पेन दिलं. तो सही करत होता तेव्हा त्या त्याच्या बोटांकडं बघत होत्या. बोटांच्या बेचक्यात बारीक पुळ्या, खाजवून खाजवून लाल झालेल्या. खरूज. मग मनगट बघितलं. मग माझ्याकडं वळून अगदी शांतपणे म्हणाल्या, डॉक्टरांचं रजिस्टर बघायला मिळेल का? नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. त्या आठवड्यात त्या बराकीतल्या सगळ्यांना परमेथ्रिनचं मलम मिळालं, चादरी उकळून उन्हात पडल्या. एकट्या त्या पोराला लावून उपयोगच नसतो, खरूज पासपोर्ट बघत नाही. चहाच्या टेबलावर हे मी सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. त्या बराकीत पेडण्याचेही दोघे होते.

सगळ्याच बाई अशा नसतात. १८ डिसेंबर २००१ ला स्वीडनने अहमद अगिझा आणि मोहम्मद अल-झेरी या दोन इजिप्शियन माणसांना स्टॉकहोमच्या ब्रोमा विमानतळावरून, सीआयएच्या विमानातून, कैरोला पाठवलं. इजिप्तने लिहून दिलं होतं की छळ होणार नाही, आणि स्वीडनने ठरवलं होतं की आमचे राजदूत जाऊन बघतील. राजदूत गेले. पाच आठवड्यांनी. तेही इजिप्शियन अधिकाऱ्यांच्या समोर. एवढं असूनही अगिझाने मारहाणीचं सांगितलं होतं. पण स्वीडनच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीला भेटीचा अहवाल दिला तेव्हा नेमका तो भाग त्यात नव्हता. पुढं तो भाग बाहेर आला, आणि २००५ मध्ये समितीने स्वीडनने करार मोडल्याचा निर्णय दिला. छळ व्हायचा तो पहिल्या दिवसांत होतो, हे तुरुंगात काम केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. पाच आठवड्यांनी वळ उरत नाहीत.

आणि कुलभूषण जाधव तर आपल्याच घरातला विषय. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानला सांगितलं की भारताच्या अधिकाऱ्यांना भेटू द्या. जुलै २०२० च्या भेटीत पाकिस्तानी अधिकारी शेजारीच उभे, समोर कॅमेरा, आणि आपल्या अधिकाऱ्यांना कागदसुद्धा देऊ दिला नाही. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये आई आणि बायको भेटायला गेल्या तेव्हा मध्ये काच होती, आणि आईला मराठीत बोलू दिलं नाही, असं आपल्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं होतं. ते वाचून मी पेपर बाजूला ठेवला होता. तिथं तिसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्याला मराठी कळत नव्हती, म्हणून मराठीच बंद.

आपल्याकडून हम्या का मागतात, याचं उत्तरही सरळ आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी काही दिली नाही. मग लंडनचं न्यायालय विजय मल्ल्यासाठी आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ मागतं, आणि दुपारचा नैसर्गिक उजेड कोठडीत कुठून येतो तेही बघायचंय म्हणतं. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचं मत होतं की हा देशाचा अपमान. माझं मत वेगळं. व्हिडिओच्या निमित्ताने एका बराकीची खिडकी कोणीतरी मोजली हे चांगलंच झालं. बाकीच्या बराकींच्या खिडक्या मोजायला अभ्यागत मंडळ असतं, जिल्हा न्यायाधीश असतात. तेही आधी कळवून येतात.

हमीपत्र लिहायचं काम कोणी माझ्याकडं दिलं (देणार नाही म्हणा), तर मी चिकनबिकनच्या भानगडीत पडणार नाही. पहिली भेट अठ्ठेचाळीस तासांत. पुढच्या भेटींना तारीख कळवायची नाही. सोबत त्यांचा स्वतःचा डॉक्टर. आणि खुर्ची काचेबाहेर, म्हणजे मला दिसेल पण ऐकू येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत वकिलाच्या भेटीला हेच लिहिलंय, तेव्हा आभाळ कोसळायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कागदात बसत नाही. वकिलातीतल्या साहेबांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, कैद्याची होत नाही. त्या वयस्कर बाई गेल्यावर त्यांच्या जागी एक तरुण अधिकारी आला, टाय वगैरे लावून, मे महिन्यात. त्याने नवी वही उघडली आणि पहिल्यापासून सुरू केलं: नाव, वय, कधीपासून आहात, जेवण कसं आहे. पोरगा तोवर आमच्यातलाच झाला होता. कपाळावर हात मारून तो माझ्याकडं बघून म्हणाला, "सायबा, हाका सांग, मागच्या बाईंच्या वहीत बघ म्हणून." मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं.