विजापूर जाता जाता होतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोलापूरचा म्हटलं की मला दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला चादरींचा, तो आमच्या सौभाग्यवतींकडे पाठवतो. दुसरा असा: "अक्कलकोटला येतोय, तिथून जाता जाता विजापूर होईल ना? आणि तिकडे जेवणाचं काय?"

जाता जाता नाही होत. सोलापूरहून अंतर साधारण 100 किलोमीटर, रस्ता चांगला, म्हणून लोकांना वाटतं दोन तासांत गोल घुमट बघून संध्याकाळी पंढरपूर गाठू. गाठतातही. पण मग विजापूर बघितलं असं म्हणू नये. (सरकारी नाव 2014 पासून विजयपुरा. पाट्यांवर तेच शोधा, आमच्या तोंडी मात्र विजापूरच बसलंय.)

जमलं तर आदल्या रात्री मुक्कामाला जा आणि सकाळी सहाला गोल घुमटाच्या दारात उभे राहा. कारण एकच, आवाज. मुहम्मद आदिलशहाची ही कबर, तो गेला 1656 साली. घुमटाचा व्यास बाहेरून 44 मीटर. हा आकडा खालून बघून पटतो, पण खरी गंमत वर, घुमटाच्या आतून फिरणाऱ्या सज्ज्यात आहे. एका टोकाला भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की पलीकडच्या टोकाला कान लावलेल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू येतो. टाळी वाजवली तर सात-आठ वेळा परत येते. पण नऊ-दहाच्या सुमारास शाळांच्या सहली येतात आणि मग तिथे नुसत्या शिट्ट्या आणि किंकाळ्या. शिव्या घालायचा मला हक्क नाही. पाचवीच्या सहलीत मीही तिथे घसा बसेपर्यंत ओरडलो होतो.

वर जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतून जिना आहे. सात मजले, पायऱ्या उंच आणि अरुंद, जागोजागी अंधार. गुडघे कुरकुरत असतील तर खाली बसा, त्यात कमीपणा नाही. पुण्याची आत्या हट्टाने चढली होती. मी पलीकडे जाऊन बसलो, म्हटलं आता काहीतरी ऐतिहासिक ऐकू येणार. भिंतीतून आवाज आला, "अरे, खाली चहा मिळेल का?"

समोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं.

नंतर ऊन चढायच्या आत जामा मशीद आणि बारा कमान उरका. बारा कमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, नुसत्या कमानी उभ्या आहेत. मग मलिक-ए-मैदान. ही तोफ आपल्या नगरची! 1549 साली निजामशाहीत ओतलेली, वजन सुमारे 55 टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि जबड्यात हत्ती. इंग्रजांच्या काळात, 1854 मध्ये, तिचा लिलाव झाला आणि बोली लागली दीडशे रुपयांची. सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला.

एवढ्यात एक वाजतो. आता जेवण.

हॉटेलच्या थंडगार खोलीत पनीर मागवू नका, ते तुमच्या गावातही मिळतं. "खानावळी" अशी पाटी शोधा. कन्नड वाचता येत नसेल तर रिक्षावाल्याला "जोळद रोट्टी" एवढंच म्हणा, तो बरोबर नेऊन सोडेल. जोळ म्हणजे ज्वारी. भाकरी दोन तऱ्हेची असते, तव्यावरची मऊ आणि पापडासारखी वाळवलेली कडक. दोन्ही घ्या. सोबत एण्णेगाई, म्हणजे तेलात शिजवलेली भरली वांगी, एखादी मोडाची उसळ, झुणका, ताटात कच्ची मेथी आणि कांदा, शेंगांची नाहीतर जवसाची चटणी आणि वर घट्ट दही. चटणीत दही कालवून कडक भाकरीच्या तुकड्याने उचलायचं. शेंगाचटणी आमचीच भारी, यावर मी मरेपर्यंत ठाम आहे, पण तिथे बसून हे बोलत नाही. शेंगा होळिगे म्हणजे शेंगदाणा-गुळाची पोळी मिळाली तर सोडू नका.

एक शब्द पाठ करून जा: "साकु". म्हणजे पुरे. वाढपी हसत हसत वाढत राहतात आणि आपलं मराठी "नको नको" त्यांना आग्रहाची वाट बघणं वाटत असावं.

चारच्या सुमारास इब्राहिम रोजा. लोक घुमट बघून हा टाळतात आणि मला खरोखर वाईट वाटतं. घुमट आकाराने दडपून टाकतो, रोजाजवळ मात्र जाऊन जाऊन बघावंसं वाटतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर. हा राजा दख्खनीत गाणी रचायचा, सरस्वती आणि गणपतीला वंदन करायचा, लोक त्याला जगद्गुरू म्हणत. खिडक्यांच्या दगडी जाळ्या बघा, नक्षी वाटते ती अक्षरं आहेत. आतल्या दालनाचं छत सपाट, आणि खाली एकही खांब नाही. कबरीची पुढची बाजू पश्चिमेला, समोरच्या मशिदीकडे आहे, म्हणून दुपारनंतरचं ऊन तिच्यावर छान पडतं. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि उन्हाळ्यात फरशी तव्यासारखी तापलेली असते. मी मे महिन्यात तळपाय भाजून घेतलेत, तुम्ही जाड मोजे न्या. खरं तर मे टाळाच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

मराठी मंडळी हमखास अफजलखानाचं विचारतात. त्याने शहराबाहेर पश्चिमेला स्वतःसाठी कबर बांधून घेतली होती. ती रिकामीच आहे, कारण 1659 साली तो प्रतापगडाला गेला. तिकडेच साठ कबर आहे. खानाच्या बायकांच्या म्हणून दाखवतात, खरंखोटं देव जाणे. वेळ उरला तरच जा.

परतीला अंधार पडेल. वाटेत झळकी गावाला चहा प्या, आत्यालाही तिथे मिळाला.